सेठजींनी मुंबईला जेवायला पाठवलं

सेठजींनी मला समुद्राकाठचं जेवण शिकायला मुंबईला पाठवलं, तोवर मी समुद्र पाहिलाच नव्हता. जन्म इंदूरचा, सासर इंदूरचं. माहेरचे पुरुष पूर्वी दरबारच्या फौजेत होते, त्यामुळे मटण आमच्या घरात सगळ्यांच्या हाताला छान येतं. पण मासा म्हणजे नर्मदेचा, तोही कुणी तिकडून येताना आणला तर. बोंबील, बांगडा, तिसऱ्या हे शब्द मी मुंबईच्या पाहुण्यांकडूनच ऐकलेले.

हे मिलमध्ये होते. साचेखात्यात, म्हणजे जिथे कापड विणतात तिथे, सुपरवायझर. मिल बंद झाली ती एका दिवसात नाही. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग पगार थांबला आणि शेवटी गेटला कुलूप लागलं. पण लोक जातच राहिले. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन गेटसमोर बसायचे, दुपारी तिथेच जेवायचे आणि पाळी सुटायच्या वेळी घरी यायचे. हेसुद्धा कित्येक महिने असेच गेले. मी रोज डबा भरून देत होते आणि ते रोज तो रिकामा करून आणत होते. आमच्यात त्याबद्दल एक शब्द झाला नाही.

मग मी डबे सुरू केले. शहराच्या पलासिया भागात तेव्हा नवीन नवीन ऑफिसं, बँका उघडत होत्या, बदलीवर आलेले एकटे पुरुष घरच्या जेवणाला तरसलेले असायचे. डबे पोचवायला हेच जायचे. सायकलच्या हँडलला दोन्हीकडे पिशव्या अडकवून आमच्या परदेशीपुऱ्यातून निघायचे, पण सरळ रस्त्याने नाही. मिलचे लोक चहाच्या टपरीवर बसलेले असायचे, तो रस्ता टाळून मागच्या गल्लीने. ते लांबून जातात हे मला डबे गार मिळाल्याची तक्रार आली तेव्हा कळलं.

त्या डब्यांतल्या मटणाबद्दल एका बँकेच्या साहेबांनी सेठजींना सांगितलं. सेठजी कापडाचे जुने व्यापारी, मिलचं कापड वर्षानुवर्षं उचललेलं, यांना चांगलं ओळखायचे. आता त्यांनी पलासियात हॉटेल काढायचं ठरवलं होतं. साधं नाही. मुंबईला समुद्राकाठी मोठी माणसं जिथे जेवतात तसं. टीव्हीवर चॅनल वाढले होते, लोकांच्या हातात पैसा दिसत होता, आणि सेठजींच्या मते इंदूरला पोह्या-कचोरीच्या पुढे जायची वेळ आली होती.

ते स्वतः आमच्या घरी आले. मी खुर्ची पुसून दिली.

“भाभीजी, आप तो मराठी हो. मछली-वछली तो आपके खून में है.”

मी म्हटलं, “सेठजी, आम्ही इथलेच. मुझे समुंदर का कुछ नहीं आता.”

“अरे तो सीख लो ना! मैं तो अंडा भी नहीं खाता, मैं क्या बताऊँगा किसी कारीगर को? आप और बाबूजी बम्बई जाओ. तीन बढ़िया जगह पे टेबल रखवा देता हूँ. खाओ, समझो, वापस आके बनाओ.”

यांनी मान खाली घातली होती. सेठजी त्यांना ‘बाबूजी’ म्हणत, मिलमध्ये म्हणत तसंच, पण बोलत होते माझ्याशी. ते गेल्यावर हे म्हणाले, “जाऊ. नाही म्हणायला आपल्याकडे काय आहे?”

कॉलनीत आम्ही सांगितलं की मुंबईला लग्न आहे. खरं काय सांगणार? शेजारच्या घरात दुपारी चूल पेटत नव्हती, त्यांची सून माझ्याकडे पीठ मागायला येत असे. तिला कसं सांगू की आम्ही मोठ्या हॉटेलांत जेवायला चाललोय? ती म्हणाली, “ताई, लग्नातले लाडू आणा हं.” मी हो म्हटलं.

पहिलं हॉटेल समुद्रासमोरच होतं. दाराशी फेटेवाला उभा. त्याने सलाम केला तर यांनी दोन्ही हात जोडून नमस्कार केला, तो बिचारा गोंधळला. यांच्या अंगात लग्नातला कोट होता, मिलच्याच कापडाचा, खांद्यावर आखडलेला. वेटरने माझी खुर्ची मागे ओढली तर मला वाटलं खुर्ची दुसऱ्या टेबलाला नेतोय, मी ती धरून ठेवली. त्याने हसू दाबलं. मी बसले ती अर्ध्याच खुर्चीवर.

मेन्यू इंग्रजीत. हे चष्मा लावून हळू आवाजात, मिलच्या नोटीस बोर्डावरचा कागद वाचावा तसे वाचत होते. मला शिकायला हवं असलेलं बोटाने दाखवून मागवत होते. बांगड्याची आमटी आली. लहानशी वाटी, लाल रंग, आणि वास असा की जिभेच्या आधी नाकालाच झिणझिण्या. त्यात काळपट, फुटलेल्या टरफलांसारखं काहीतरी होतं. मिरी नव्हती, लवंग नव्हती. मी एक चावून पाहिलं आणि जीभ बधिर झाली. हे काय ते कळल्याशिवाय मी इंदूरला काय बनवणार? विचारायची हिंमत झाली नाही. वेटर पाठमोरा झाला तसे मी त्यातले दोन-तीन दाणे आणि माशाचा एक तुकडा टेबलावरच्या पांढऱ्या नॅपकिनमध्ये बांधले आणि पर्समध्ये टाकले. बाजारात जाऊन कुणा मासेवालीला दाखवायचा बेत होता.

आम्ही दारापर्यंत पोचलो तेवढ्यात तो वेटर मागून आला. मोठ्याने नाही बोलला, पण शेजारची माणसं थांबलीच.

“मॅडम, एक्सक्यूज मी. नॅपकिन.”

मी पर्स घट्ट धरली. यांना काहीच माहीत नव्हतं. ते माझ्याकडे बघत राहिले, मग माझ्या हातातली पर्स त्यांनी घेतली, उघडली आणि नॅपकिन काढून तिथल्या काचेच्या टेबलावर सोडलं. लाल डाग, माशाचा ओला तुकडा आणि ते काळे दाणे. रेशमी साडीतली एक बाई दोन पावलं मागे सरकली.

हे इंग्रजीत म्हणाले, “वी आर व्हेरी सॉरी. माय वाइफ ओन्ली वॉन्टेड टु नो द मसाला.” मिलमध्ये मोठ्या साहेबांशी बोलायचे तसे सरळ उभे राहून, एकेक शब्द नीट लावून.

वेटरचाच चेहरा लाल झाला. तो हळूच मराठीत म्हणाला, “मावशी, ते तिरफळ. मला विचारायचं ना.”

त्या ‘मावशी’ने मला जास्तच लाजवलं. बाहेर समुद्र होता, आयुष्यात पहिल्यांदा, पण मी त्याच्याकडे पाहिलं नाही. आम्ही लॉजपर्यंत चालत गेलो. हे एवढंच म्हणाले, “नॅपकिनची काय गरज होती? माझ्या खिशात रुमाल होता.”

दुसऱ्या दिवशीची जागा शहराच्या आत होती. टॅक्सी एका मोठ्या फाटकातून वळली आणि हे एकदम पुढे झुकले. आत चिमणी होती. उंच, विटांची, धूर नसलेली. ती कधीकाळची मिल होती. एका शेडमध्ये हॉटेल थाटलं होतं. काचेचं दार, आत थंडगार हवा, मंद दिवे. आणि वर छप्पर तसंच ठेवलेलं, करवतीच्या दात्यांसारखं, एका बाजूने काचा. यांनी मान वर केली ती खाली येईना.

“साचेखातं आहे हे,” ते म्हणाले. “बघ, उजेड उत्तरेकडून घेतलाय. धागा दिसायला.”

मी म्हटलं, “बसा आधी.”

भिंतीला धोटे लटकवले होते. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो लाकडी धोटा. त्याच्या पोटात लहान लहान दिवे बसवले होते. आमच्या टेबलाच्या वरच तसा एक होता. वेटर पाणी ओतत असताना हे उठले, हात वर करून त्यांनी तो धोटा उतरवला, तारेसकट. उलटा केला. अंगठा नेमका त्याच्या खाचेवर गेला.

मॅनेजर धावत आला. टाय लावलेला, तरुण. “सर, प्लीज, डेकोर को हाथ मत लगाइए.”

“यहाँ कितने लूम थे?” यांनी विचारलं.

“सॉरी सर?”

“लूम. साँचे. यहाँ जो आदमी काम करते थे, वो किधर गए?”

“सर, वो हमको आइडिया नहीं है. आप बैठिए ना, प्लीज.”

आजूबाजूच्या टेबलांवरचं बोलणं थांबलं होतं. एका मुलीने हसू लपवायला ग्लास तोंडाला लावला. मी यांची बाही ओढली. “बसा ना हो, सगळे पाहून राहिलेत.” मला त्या वेळी मिलचं काही वाटलं नाही, त्या माणसांचंही नाही. मला यांचा राग आला. आखडलेल्या कोटाचा, तारेत अडकलेल्या त्यांच्या मनगटाचा. पुन्हा कालच्यासारखं होईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मॅनेजरने दोन बोटांनी तार सोडवली आणि धोटा परत टांगला.

हे बसले. जेवण आलं. खेकडा, सुरमई, केळीच्या पानात भाजलेला कुठलासा मासा. यांनी कशालाच हात लावला नाही. मला खावंच लागलं, त्याचसाठी पाठवलं होतं. वाटणात खोबरं भाजलेलं आहे की कच्चं, आंबटपणा चिंचेचा की कोकमाचा, मी एकेक घास लक्षात ठेवत होते आणि हे छपराच्या काचांकडे पाहत होते. वेटरने विचारलं, “सरांना आवडलं नाही का?” मी म्हटलं, “त्यांना उपास आहे.” समोर खेकडा ठेवून.

लॉजवर आल्यावर ते म्हणाले, “उद्याचं तू एकटी जा. तिथे माझं काही काम नाही.”

एकटी बाई अशा ठिकाणी जेवायला? मला रात्रभर धाकधूक होती. पण गेले. तिसरं हॉटेल लहान होतं, एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, खिडकीखाली समुद्र. दुपारची वेळ, गर्दी नव्हती. मला खिडकीजवळ बसवलं. मी पहिल्यांदाच कुणाची वाट न बघता, कुणाला न वाढता जेवायला बसले होते. तिसऱ्या आल्या, ओल्या खोबऱ्यात, वर कोथिंबीर. शिंपल्यातून मांस कसं काढायचं ते मी पलीकडच्या म्हाताऱ्या पारशी बाईंकडे बघून शिकले. त्यांनी पाहिलं, हसल्या आणि आपला शिंपला वर धरून मला पुन्हा दाखवलं. सोलकढी प्यायले. समुद्राकडे पाहिलं, चांगलं पोटभर पाहिलं. मग मी तिसऱ्या परत मागवल्या. शिकायला नाही. मला हव्या होत्या म्हणून.

मिल बंद झाल्यापासून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं, आणि ते माझ्या लक्षात आलं तेव्हा माझा घास तोंडातच राहिला. पीठ मागणारी सून आठवली. लॉजवरचे हे आठवले. तरीही मी बशीत काही ठेवलं नाही.

परत आले तर हे खाटेवर पेपर वाचत होते. बाजूला केळ्यांची सालं.

“कसं होतं?”

“ठीक होतं,” मी म्हटलं. “काही खास नाही.”

निघताना दादरच्या दुकानातून बुंदीचे लाडू घेतले. शेजारच्या सुनेने ते देवासमोर ठेवून मग पोरांना वाटले. “लग्न छान झालं ना, ताई?” तिने विचारलं.

सेठजींचं हॉटेल दिवाळीच्या आधी उघडलं. मासा मुंबईहून रात्रीच्या गाडीने बर्फाच्या पेटीत यायचा, आणि गाडी उशिरा आली की मी पेटी उघडताना श्वास रोखून धरायची. बरंचसं जमत होतं. न जमलेलं मी मटणाच्या हाताने सावरून न्यायची. यांना सेठजींनी गल्ल्यावर बसायला सांगितलं होतं. यांनी हात जोडले आणि मानपुरला एका धर्मकाट्यावर नोकरी धरली. रस्त्यावरचे ट्रक तिथे वजनाला यायचे, त्याची पावती फाडायची. रोज बसने जायचे, बसने यायचे. “तिथे मला कुणी ओळखत नाही,” म्हणायचे.

उद्घाटनाला सेठजींनी मला नऊवारी नेसायला लावली, नाकात घालायला नथ दिली आणि हॉलमध्ये उभं केलं. येईल त्याला सांगत होते, “ये हमारी कोंकण की माँजी हैं. सीधे समुंदर किनारे से.” मी हसत उभी. एका बँकेच्या साहेबांची आई आली होती, रत्नागिरीकडची. तिने आमटीचा घास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि मायेने विचारलं, “कुठल्या गावच्या हो तुम्ही?”

सेठजी बाजूलाच उभे होते. मला एखादं गाव सांगता आलं असतं, मुंबईत दोन-चार नावं कानावर पडली होती. पण तिच्या डोळ्यांत आपल्याकडचं माणूस भेटल्याचा आनंद होता, आणि त्या आनंदाशी खोटं बोलायला जीभ वळेना.

“मी इथलीच,” मी म्हटलं. “परदेशीपुऱ्याची. मला कोकण माहीत नाही हो.”

ती “असं होय” म्हणाली आणि मान खाली घालून जेवू लागली. तिलाच अपराध्यासारखं झालं असावं. सेठजी दुसऱ्या टेबलाकडे वळले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नथ परत मागून घेतली आणि म्हणाले, “आप अंदर ही रहो भाभीजी, गर्मी का ध्यान रखना.” मला बरंच वाटलं. आत घाम होता, पण तो माझा होता.

दीड-दोन वर्षं गेली असतील. एका संध्याकाळी वेटर आत येऊन म्हणाला, “सात नंबरवाले कुकला बाहेर यायला सांगून राहिलेत. खूश आहेत.” असं कधी कधी व्हायचं. मी पदराने तोंड पुसून बाहेर गेले. चार-पाच जण होते, ट्रकवाले असावेत. मधे एक जाडसे गृहस्थ, हातात अंगठ्या. आणि त्यांच्या डाव्या हाताला हे.

धर्मकाट्याच्या मालकाने आपल्या गिऱ्हाइकांना मेजवानी दिली होती आणि मुनीम म्हणून यांनाही आणलं होतं. कुठे नेणार ते यांना आधी माहीत नसावं. यांची नजर ताटात होती. मी ओळखलं की तिथे यांनी माझ्याबद्दल काही सांगितलेलं नाही.

“माताजी, मज़ा आ गया,” मालक म्हणाले. “क्या मटन है!” आणि त्यांनी एक नोट माझ्या हातावर ठेवली, वरून माझी मूठ मिटली. मी यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांना काहीतरी बोलावं लागलं असतं. नोट घेतली, नमस्कार केला आणि आत आले. शेगडीसमोर उभी राहिले आणि कांदा ढवळत राहिले. खाली लागला तरी मला कळलं नाही.

थोड्या वेळाने स्वयंपाकघराचं दार ढकलून हे आत आले. मागे मालक, त्या वाफेत डोळे बारीक करत. हे मिलमध्ये साहेब पाहणीला आल्यावर उभे राहत तसे ताठ उभे राहिले.

“साहब, मैंने बताया नहीं. ये मेरी मिसेज़ हैं. यहाँ की सारी रसोई यही देखती हैं.”

मालकाचा हात नकळत माझ्या मुठीकडे गेला आणि मधेच थांबला. ती नोट अजून माझ्याच हातात होती. परत द्यावी तर त्यांचा अपमान, ठेवावी तर यांचा. “भाभीजी, माफ़ करना,” ते पुटपुटले, “मुझे क्या पता.” यांचे कान लाल झाले होते. तिघंही उभे, आणि भांडी घासणाऱ्या बाईने नळ बंद करून आमच्याकडे पाहिलं. शेवटी मी वळून ती नोट फळीवरच्या डब्यात टाकली, सगळ्यांची बक्षिसी जमा व्हायची त्यात. “कढी और भिजवाऊँ?” मी मालकांना विचारलं. “हाँ हाँ, ज़रूर,” म्हणत ते घाईने बाहेर गेले.

हे थांबले. शेगडीकडे बघत म्हणाले, “कांदा लागला बघ.”

त्या दिवशी ते मालकांच्या जीपने गेले नाहीत. हॉटेलच्या मागच्या दाराशी माझी वाट बघत उभे होते. सवारीच्या टेम्पोत आम्ही समोरासमोर बसलो, मधे कुणाचं तरी पोतं.

“मी आधीच सांगायला हवं होतं त्यांना,” ते म्हणाले.

“मीही काही सांगितलं नाही,” मी म्हटलं. “मुंबईत ते तिसरं हॉटेल फार छान होतं. मी दोनदा मागवून खाल्लं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. टेम्पोवाला पाटनीपुऱ्याच्या चौकात ओरडत होता. “काय होतं?” त्यांनी विचारलं, आणि मी त्यांना तिसऱ्या कशा उघडायच्या ते बोटांनी करून दाखवायला लागले.